'रेकॉर्ड गेली' हे सगळ्यात शेवटी म्हणा: जुन्या रॉक एलपी पुन्हा ऐकताना

लेड झेपलिनच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बमची पहिली बाजू लावा. 'ब्लॅक डॉग' खणखणीत वाजतं, 'रॉक अँड रोल' वाजतं, 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मधलं मँडोलिन सुटं सुटं ऐकू येतं. मग येतं आठ मिनिटांचं 'स्टेअरवे टू हेवन'. सहा मिनिटांपर्यंत सगळं ठीक. गिटारचा सोलो संपतो, गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज टिपेला पोचतो आणि नेमका तिथेच फाटतो. झांजा पत्र्यावर वाळू ओतल्यासारख्या वाजतात. बहुतेक जण इथे सुई उचलतात आणि 'गेली ही रेकॉर्ड' म्हणून मोकळे होतात.

बहुतेक वेळा ती गेलेली नसते. एलपीची, म्हणजे लाँग-प्ले तबकडीची, सगळ्यात बाहेरची खाच मध्यापासून साधारण १४६ मिलिमीटरवर असते, सगळ्यात आतली ६० मिलिमीटरच्या आसपास. फेरे दोन्हीकडे तेच, मिनिटाला ३३ १/३. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आत जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचं संगीत आत ४० टक्के लांबीत कोंबलेलं असतं. मळलेली, झिजलेली किंवा जरा तिरकी बसलेली सुई बाहेर खपून जाते, आत उघडी पडते. त्यात रॉकवाल्यांना सगळ्यात मोठं गाणं बाजूच्या शेवटी ठेवायची खोड. बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ', पिंक फ्लॉइडचं 'एक्लिप्स', दोन्ही अशाच अवघड जागी आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्लेअर, मग सुई, मग रेकॉर्ड धुणं. एवढं करूनही तेच ऐकू आलं, तरच रेकॉर्डवर खापर फोडा.

लक्षणावरून दोष ओळखणं

हत्यारं काढण्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या काळातल्या तीन-चार रेकॉर्डी लावून बघा. आवाज प्रत्येक रेकॉर्डवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फाटत असेल तर सुई मळलेली किंवा झिजलेली आहे. प्रत्येक रेकॉर्डवर पण फक्त शेवटच्या एक-दोन गाण्यांत फाटत असेल तर कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो डबीसारखा भाग) तिरकं बसलंय किंवा सुईवरचा भार कमी पडतोय. फक्त उजव्या स्पीकरमधून 'स' आणि 'श' फिसकारत असतील तर अँटी-स्केट (टोनआर्म, म्हणजे सुईचा हात, आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर ओढणारी सोय) थोडं वाढवा, फक्त डावीकडे तसं होत असेल तर कमी करा. बाकी सगळ्या रेकॉर्डी नीट वाजतात आणि एकच फाटते, तीही धुतल्यानंतर, तेव्हाच खाच झिजली असं म्हणता येतं.

टकटकीचंही असंच आहे. घड्याळ लावून बघा. टक आवाज बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल तर तो ओरखडा, कारण ३३ १/३ फेऱ्यांच्या हिशोबाने एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. वेळी-अवेळी, कशाही पद्धतीने चटचट होत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. पहिली धुण्याने जाते, दुसरी हवेत थोडा दमटपणा आला की कमी होते. मागे सलग खरखर असेल आणि गाणं जोरात आल्यावर ती वाढत असेल, तर मळ खाचेत खोल बसलाय.

सगळंच बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं आणि बास नसलेलं ऐकू येतंय? मग वायर अँप्लिफायरच्या फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) इनपुटऐवजी साध्या लाइन इनपुटमध्ये गेली आहे. रेकॉर्ड कोरताना बास मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त कोरतात, म्हणजे खाच फार रुंद होत नाही आणि खरखरही दबते. फोनो प्रीअँप ते उलटं करून मूळ तोल परत आणतो. आता पुष्कळ टर्नटेबलमध्ये तो आतच असतो आणि मागे एक खटका असतो. आतला चालू ठेवून वायर अँप्लिफायरच्या फोनो इनपुटमध्ये घातली तर काम दोनदा होतं आणि आवाज बोजड होऊन फाटतो. नुसती सलग घूं ऐकू येत असेल तर टर्नटेबलपासून निघालेली अर्थची बारीक वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला नीट लागली आहे का ते बघा. दहातल्या नऊ वेळा तीच सुटलेली असते.

प्लेअर

वर्षानुवर्षं बंद असलेल्या प्लेअरमध्ये पहिला संशय बेल्टवर. रबर सैल पडतं, त्यावर चकाकी येते, आणि प्लेअर एकाच जागी बराच काळ उभा राहिला असेल तर पुलीपाशी बेल्टला कायमचा बाक पडतो. असा बेल्ट ताणून बघण्यात अर्थ नाही, बदलाच. नवा चढवताना हाताचं तेल त्याला लागू देऊ नका. बेअरिंगमध्ये तेल घालायचं की नाही हे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकावर सोडा, काही बेअरिंग कायमची बंद केलेली असतात.

मग पाणसळ. ती प्लॅटरवर (रेकॉर्ड ज्यावर फिरते त्या तबकावर) आडवी-उभी दोन्ही दिशांनी ठेवून पाय फिरवा. प्लेअर कललेला असेल तर सुई खाचेच्या एकाच भिंतीवर रेलते.

वेग मोजायला स्ट्रोबची चकती चालते: तिच्यावर रेघा छापलेल्या असतात आणि वेग बरोबर असेल तर दिव्याखाली फिरतानाही त्या थांबलेल्या दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ १/३ साठी १८० रेघांचं वर्तुळ बघायचं, ६० हर्ट्झवर २१६ रेघांचं. पण बऱ्याच एलईडी दिव्यांखाली या रेघा थांबतच नाहीत, कारण ते दिवे विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत. त्याहून सोपं म्हणजे प्लॅटरच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, रेकॉर्डवर सुई ठेवा (सुईच्या ओढीने वेग जरासा पडतो, म्हणून ती असायलाच हवी) आणि फेरे मोजा. १०० फेरे बरोबर १८० सेकंदांत पूर्ण व्हायला हवेत. १७८.२ सेकंद लागले तर प्लेअर १ टक्का वेगात आहे. म्हणजे सूर अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाने चढलाय आणि वीस मिनिटांची बाजू १२ सेकंद आधी संपतेय. नुसतं ऐकताना हे कोणाला कळणार नाही, पण रेकॉर्डसोबत गिटार घेऊन बसलात तर लगेच टोचेल.

आणखी एक गोष्ट खास रॉकसाठी, कारण तो मोठ्याने ऐकला जातो. स्पीकर आणि प्लेअर एकाच फळीवर असतील तर स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचतो, अँप्लिफायरमधून पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि बास घुमायला लागतो. तपासण्यासाठी प्लॅटर थांबवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत वाढवत न्या. घुमू लागलं की लगेच आवाज खाली. मग प्लेअर वेगळ्या, जड टेबलावर किंवा भिंतीत ठोकलेल्या फळीवर हलवा. खाली रबराचे पाय लावून थोडा फरक पडतो, जागा बदलून बराच.

सुई

सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होतं. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांसाठी ढोबळ आयुष्य देते: शंकूच्या टोकाची ५०० तास, एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) ३००, आणि खास घडणीच्या टोकांची शिबाटा ८००, मायक्रोलिनिअर १०००. ३०० तास ऐकायला पुष्कळ वाटतात, पण चाळीस मिनिटांचा अल्बम धरला तर ते ४५० अल्बम होतात. रोज एक ऐकणाऱ्याचे सव्वा वर्षात संपले. शिवाय तास भरले नसले तरी दहा-पंधरा वर्षं पडून राहिलेल्या सुईमागचं रबर कडक झालेलं असतं आणि मग ती जोराच्या जागा पेलत नाही. सेकंडहँड प्लेअरसोबत आलेल्या सुईचे तास कोणालाच माहीत नसतात. ती संपली आहे असं धरून चाला. झिजलेलं टोक छिन्नीसारखं धारदार होतं आणि जी रेकॉर्ड चांगली होती ती एका वाजवण्यात खरवडतं.

साफ करताना मऊ, आखूड केसांचा ब्रश मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून तुमच्याकडे ओढा. आडवा कधीच नाही. सुई ज्या बारीक दांडीवर बसते ती कँटिलिव्हर आडव्या झटक्याने वाकते आणि वाकली की संपली. टोकाला काळा, जळका मळ घट्ट बसला असेल तर मेलॅमिन फोमचा (भिंतीवरचे डाग घालवायचा पांढरा स्पंज) साखरेच्या खड्याएवढा तुकडा प्लॅटरवर ठेवा आणि टोनआर्मच्या लिफ्टने सुई त्यावर सरळ खाली टेकवून सरळ वर उचला. पाच-सहा वेळा. सुई त्यात रुतलेली असताना तुकडा ओढलात तर नवी सुई घ्यावी लागेल. स्पिरिट ओतू नका, हिरा दांडीला ज्या डिंकाने लावलेला असतो तो त्याने सैल पडू शकतो.

आता भार. अँटी-स्केट शून्यावर आणा, सुईचं झाकण काढा, मागचं वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असं करा, आकड्यांची रिंग शून्यावर लावा आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या आकड्यापर्यंत वजन फिरवा. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई ला २.०, डेनॉन डीएल-१०३ ला २.५. रिंगवरचा आकडा फसवतो, त्यामुळे ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असेल तर त्यावर एकदा ताडून पाहा. मात्र काट्याचं तबक रेकॉर्डच्या उंचीला असू द्या, उंचावर मोजलं तर आकडा बदलतो.

'कमी भार म्हणजे रेकॉर्डला जपणं' ही समजूत पुष्कळ रेकॉर्डी खाऊन बसली आहे. भार कमी पडला की बास ड्रमच्या ठोक्याला सुई खाचेत धरून राहत नाही, उडते आणि भिंतीवर आपटून परत पडते. प्रत्येक आपटीत भिंतीचा टवका उडतो. दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे झुकलेलं बरं. त्यानंतर अँटी-स्केट भाराच्याच आकड्यावर लावा आणि वर सांगितल्याप्रमाणे कानाने थोडं इकडे-तिकडे करा.

शेवटी कार्ट्रिजचा कोन. टोनआर्म वळत आत येतो, त्यामुळे सुई पूर्ण बाजूत फक्त दोन ठिकाणी खाचेला अगदी सरळ असते. सगळ्यात वापरातल्या बेअरवाल्ड पद्धतीत त्या जागा ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. कागदी प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा, जाळी आखलेला कागद) छापून घेतला तर आधी त्यावरची मापाची रेघ पट्टीने मोजा, प्रिंटर पान थोडं लहान करतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दोन्ही बिंदूंवर सुई टेकवा आणि कार्ट्रिजची कड जाळीच्या रेघांना समांतर येईपर्यंत हेडशेलमध्ये (टोनआर्मच्या टोकाला, जिथे कार्ट्रिज स्क्रूने बसतं) पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवा. एका बिंदूवर जमलं की दुसऱ्यावर बिघडतं, हे चार-पाच वेळा होणारच. स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा आवळा. स्टीव्हन्सन पद्धतीत आतला बिंदू ६०.३ वर असतो, म्हणजे अगदी शेवटाला. तुमच्या संग्रहात बाजूच्या अखेरीला गडगडाट करणारे अल्बम जास्त असतील तर ती वापरून बघायला हरकत नाही, फक्त मधल्या गाण्यांत फाटणं किंचित वाढतं.

इथपर्यंत आल्यावर 'स्टेअरवे' पुन्हा लावा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

धुणं

रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. बोटांचे ठसे ढगाळ दिसतात, बुरशी पांढुरक्या नक्षीसारखी आणि ओरखडे चमकत्या रेघांसारखे. बोटाच्या टोकाला हलकेच जाणवणारा ओरखडा वाजणार, नुसता डोळ्यांना दिसणारा बहुधा नाही.

द्रावण: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोच्या डार्करूममधलं वेटिंग एजंट (पाणी सगळीकडे पसरायला मदत करणारं द्रव्य) ३-४ थेंब. थेंबांचा हात सैल सोडू नका. फेस आला म्हणजे जास्त झालं, आणि ते खाचेत वाळून राहिलं की सुई गोळा करत बसते. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात. भांड्यांचा साबणही नको, त्यातला वास आणि रंग कुठेतरी चिकटून राहणारच. ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्या संग्रहात मिसळलेल्या असतील तर त्यांना हे द्रावण अजिबात लावायचं नाही. अल्कोहोलने लाख विरघळते.

रेकॉर्ड स्वच्छ, मऊ टॉवेलवर ठेवा. लेबल कोरडं राहू द्या, रबरी रिंगचं झाकण मिळालं तर उत्तम. एका बाजूला १०-१५ मिली द्रावण पसरा आणि मिनिटभर तसंच राहू द्या. मळ या मिनिटात सुटतो, घासण्याने नाही. मग मऊ नायलॉनच्या किंवा बकरीच्या केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल तीन फेऱ्या एकीकडे, तीन उलट. द्रावण मायक्रोफायबरच्या कापडाने टिपा, पुसू नका. आता नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून तेच पुन्हा, दुसऱ्या कापडाने. बाजू उलटताना टॉवेलही पालटा, नाहीतर काढलेला मळ दुसऱ्या बाजूला लागतो. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून तासभर वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायरही नको, तबकडी गरम झाली की ती सपाट राहत नाही.

पहिल्या वाजवण्यानंतर सुई पुन्हा बघा. पाण्याने ढिला झालेला पण न निघालेला मळ खाचेतून वर येतो आणि टोकाला लोकरीसारखा गोळा होतो. तो ब्रशने काढून बाजू पुन्हा लावली की फरक लगेच कळतो. धुऊनही खरखरते म्हणून नाराज झालेल्यांनी बहुधा हा दुसरा फेरा केलेला नसतो. वाळलेली रेकॉर्ड जुन्या, धुळकट कागदी पिशवीत परत घालू नका. पातळ, अँटी-स्टॅटिक पॉलिथिनची नवी आतली पिशवी घ्या.

पिन अडकली तर

एकाच ओळीवर घोळ घालणाऱ्या रेकॉर्डवर नाणं ठेवून सुई दाबायचा जुना उपाय खाचेचा जीव घेतो. प्लॅटर थांबवून हाताने सावकाश फिरवा, जागा सापडली की लेबलवर तिच्या समोर कागदाची खूण चिकटवा. भिंगातून बघा: बहुतेक वेळा खाचेत एखादा कण रुतलेला असतो. थेंबभर द्रावण टाका, लाकडी टूथपिकचं टोक थोडं चावून मऊ करा आणि खाचेच्या दिशेनेच, उभं न दाबता, चार-पाच वेळा फिरवा. धातूची टाचणी नको.

कण नसून ओरखडा असेल तर सुई कुठे जाते ते बघा. पुन्हा पुन्हा मागे येत असेल तर त्या बाजूपुरतं अँटी-स्केट कमी करा, म्हणजे हात आतल्या दिशेला जरा जास्त ओढला जाईल. पुढे उडी मारत असेल तर वाढवा. भारही मर्यादेच्या वरच्या टोकापर्यंत नेता येतो. ऐकून झालं की दोन्ही मूळ जागी.

मुद्दाम ठेवलेले आवाज

काही आवाज घालवायला निघालात तर आयुष्य जाईल, कारण ते तिथे ठेवलेलेच आहेत. द हूच्या १९७० सालच्या 'लाइव्ह अॅट लीड्स'च्या लेबलवर हाताने लिहिलेली सूचना आहे: चटचट आवाज ठीक आहेत, दुरुस्त करू नका. ती चटचट मूळ ध्वनिमुद्रणात आहे आणि ती १.८ सेकंदांच्या तालात येत नाही, एवढ्यावरूनही ओळखता येते. पिंक फ्लॉइडच्या 'अॅटम हार्ट मदर'ची (१९७०) दुसरी बाजू गळक्या नळाच्या टपटपीने संपते आणि मूळ एलपीवर ती शेवटच्या बंद (गोल फिरून स्वतःलाच मिळणाऱ्या) खाचेत गेलेली आहे, तुम्ही सुई उचलेपर्यंत नळ गळत राहतो. 'सार्जंट पेपर'च्या (१९६७) मूळ ब्रिटिश प्रतींवर शेवटी असाच एक बडबडीचा घोळ आहे, सॉनिक यूथच्या 'इव्हॉल'चा (१९८६) शेवटही बंद खाचेत आहे. ऑटो-रिटर्नचा, म्हणजे बाजू संपली की हात आपोआप परत नेणारा प्लेअर हे सगळं कापून टाकतो, म्हणून या रेकॉर्डींना ती सोय बंद करा.

'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) याच्या उलट. ती हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते, आणि दोन्ही टोकांना संगीत इतकं हलकं असतं की रेकॉर्ड किती स्वच्छ आहे याची याहून चांगली परीक्षा नाही. ठोके खरखरीवर तरंगताना ऐकू आले तर पुन्हा धुवायला घ्या.

एका वेळी एक बाजू

अल्बम परत ऐकायचा तर गाणं शोधत सुई टाकू नका, बाजू पूर्ण लावा. प्रत्येक वेळी मधेच सुई टेकवताना तिथे एक बारीक टवका उडायचा धोका असतो, आणि आवडत्या गाण्याच्या सुरुवातीलाच सगळ्यात जास्त खरखर असते ती त्यामुळेच. शिवाय हे अल्बम बाजू धरूनच रचलेले आहेत. यसच्या 'क्लोज टू द एज'ची (१९७२) आणि रशच्या '२११२'ची (१९७६) आख्खी पहिली बाजू म्हणजे एकच रचना. डबल अल्बम असेल तर बाजूंचे आकडे नीट बघा. एकावर एक रेकॉर्डी टाकणाऱ्या चेंजर प्लेअरसाठी पूर्वी एका तबकडीवर १ आणि ४, दुसऱ्यावर २ आणि ३ अशा बाजू छापत. उलटवून ऐकलंत तर गोष्ट मधूनच सुरू होईल.

बाजू किती लांब आहे यावर आवाजाचा ठसठशीतपणा ठरतो. १८ ते २२ मिनिटांत खाचांना मोकळी जागा मिळते. त्यापुढे कोरणाऱ्याला पातळी आणि बास कमी करावा लागतो. टॉड रंडग्रेनच्या 'इनिशिएशन'मध्ये (१९७५) एकाच एलपीवर तासाहून जास्त संगीत आहे, आणि झिजलेली सुई या रेकॉर्डची वाट लावेल अशी सूचना रेकॉर्डसोबतच छापलेली आहे. अशा रेकॉर्डला आवाज वाढवून ऐका, खरखरही वाढणार हे गृहीत धरा. फ्लीटवूड मॅकच्या 'रूमर्स'मधून (१९७७) 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' गाळलं गेलं ते जागा नाही म्हणूनच. डायर स्ट्रेट्सच्या 'ब्रदर्स इन आर्म्स'ची (१९८५) मूळ एलपी सीडीहून सात-आठ मिनिटांनी आखूड आहे, 'व्हाय वरी' तर बरंच छाटलंय. सीडीची सवय असलेल्याला रेकॉर्ड उडी मारतेय असं वाटतं. मारत नाही.

मोनो रेकॉर्ड असेल तर अँप्लिफायरवरचा मोनो खटका दाबा. मोनो खाच फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीत निव्वळ कचरा असतो आणि दोन्ही चॅनेल एकत्र झाले की तो कापला जातो. साठच्या दशकातल्या मोनो प्रती याने आश्चर्य वाटावं इतक्या शांत होतात.

एकाच अल्बमच्या दोन प्रती ताडायच्या असतील तर आधी आवाजाची पातळी सारखी करा. फोनमधलं ध्वनिमापकाचं अॅप पुरतं. एक डेसिबलने मोठी असलेली प्रत नेहमीच चांगली वाटते आणि तुलना तिथेच संपते. आपली प्रत कोणती हे लेबलपेक्षा शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यावर कळतं, तिथे टॉर्च तिरका धरून वाचा. 'लेड झेपलिन टू'च्या (१९६९) काही प्रतींवर 'आरएल' ही अक्षरं सापडतात. हा रॉबर्ट लुडविगचा कट, म्हणजे त्या इंजिनिअरने कोरलेली आवृत्ती. त्यातला बास इतका जोरकस होता की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची, म्हणून नंतर बेताने कोरलेला कट निघाला. 'पोर्की' दिसलं तर कोरणारा जॉर्ज पेकम. ब्रिटिश ईएमआयच्या रेकॉर्डींवर लेबलच्या उजवीकडे जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी यांतली अक्षरं असतात: क्रमाने १ ते ९ आणि शेवटचं शून्य. तो साच्याचा क्रमांक, जितका लहान तितकी प्रत आधीची.

परत ठेवताना

उभ्या ठेवा, अगदी सरळ. ३०-४५ अंशांत कललेल्या रेकॉर्डी काही महिन्यांत वाकतात. १०० एलपी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर जागा घेतात आणि २५-३० किलो भरतात, पुस्तकांच्या पातळ फळीला हे झेपत नाही. दर वीस-पंचवीस सेंटिमीटरला उभा आडोसा द्या. बाहेरची पिशवी पॉलिप्रोपिलिनची घ्या, मऊ, जाड पीव्हीसीची नको. त्यातलं रसायन कालांतराने बाहेर पडून रेकॉर्डवर धुकट थर चढवतं आणि तो कशानेच निघत नाही. कव्हरच्या कडा फाटत असतील तर रेकॉर्ड आतल्या पिशवीसकट कव्हरच्या मागे, बाहेरच्या पिशवीत ठेवा.

रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'ची (१९७१) खऱ्या झिपची मूळ प्रत असेल तर तिला हा नियम सक्तीचा. शेजारच्या रेकॉर्डवरही ती झिप दाबली जाते, तेव्हा मधे जाड पुठ्ठा सारा. आणि रेकॉर्ड आतच ठेवायची असेल तर झिप अर्ध्यावर ओढून ठेवा, म्हणजे तिचं बटण लेबलवर येईल, गाण्यांवर नाही.